मदत हवी आहे: ब्राझील–मोरोक्कोची दोन जादा तिकिटं आता विकू की थांबू?

नमस्कार मंडळी,

फुटबॉल वर्ल्ड कपमधल्या १३ जूनच्या ब्राझील–मोरोक्को सामन्याची (मेटलाइफ स्टेडियम, न्यू जर्सी) चार तिकिटं मला मिळाली. मी, मुलगा, सासरे आणि मेहुणा असा बेत होता. सासरे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. दर वर्ल्ड कपला गल्लीत ब्राझीलचे पिवळे झेंडे लावणाऱ्यांपैकी. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं मे अखेरीला ठरलं आणि मेहुणा त्यांच्याजवळ थांबणार. बायकोला विचारलं, तर तिला शनिवारची संध्याकाळ गर्दीत घालवायची अजिबात हौस नाही. म्हणजे दोन तिकिटं जादा.

कमाई करायची नाही (केली तरी रडणार नाही म्हणा), पण अंगावर पडायला नकोत. फिफाच्या स्वतःच्या रीसेलवर (घेतलेली तिकिटं परत विकायची सोय) विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के कापतात. बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला: १०० डॉलरचे १०० परत मिळायला ११८ ला लावावं लागतं, समोरच्याला ते जवळजवळ १३६ ला पडतं. एवढे कोण देईल?

मुलाचं म्हणणं, ब्राझीलचा संघ जाहीर होऊ दे, नेमार आला तर भाव चढेल. मला गेल्या वर्षीचा क्लब वर्ल्ड कप आठवतो. याच मैदानावर चेल्सी–फ्लुमिनेन्से सेमीफायनलचं सुमारे ४७४ डॉलरचं तिकीट शेवटी १३ डॉलरच्या आसपास आलं होतं! रोज रात्री अ‍ॅप उघडून भाव बघतो आणि झोप घालवतो. कधी विकावीत? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १
अ‍ॅपवर दिसतो तो विकणाऱ्याने लावलेला भाव, तिकीट खरंच विकलं गेलं तो नव्हे. २०२४ ला न्यूयॉर्कजवळ नासाऊला झालेल्या भारत–पाकिस्तान क्रिकेट सामन्याला मी हेच केलं. लोकांनी हजारोंनी लावलेले आकडे बघून थांबलो आणि सामन्याच्या सकाळी पडेल त्या भावात दिलं. ११९ वर सगळे बाद होऊनही आपण जिंकलो, तेवढंच समाधान.

प्रतिसाद २
क्लब वर्ल्ड कपची तुलना इथे लावू नका. ब्राझीलचा पहिलाच सामना, समोर २०२२ चा सेमीफायनलिस्ट, आणि तिथून जवळच नेवार्क शहराच्या आयर्नबाउंड भागात ब्राझिलियन वस्ती केवढी! भीती वेगळी आहे: फिफा अधूनमधून नवी तिकिटं सोडतं, तेव्हा भाव बसतो. मी असतो तर आत्ताच ११८ च्या हिशोबाने लावली असती. जोडी फोडू नका, एकटं तिकीट मागे राहतं. आणि मे संपेपर्यंत गेली नाहीत तर दर आठवड्याला भाव थोडा उतरवायचा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काल रात्री जोडी ११८ च्या हिशोबाने लावली. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "जावईबापू, पिवळा शर्ट घालणाऱ्यालाच द्या." त्यांना कसं सांगू की घेणारा कोण ते आपल्याला कळतच नाही!