'फ्रीस्पेस'ला मराठीत काय म्हणायचं?

लेखिका: आयर्लंडच्या गेल्या चाळीसेक वर्षांतल्या वास्तुकलेवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि गाडी एका शब्दावर अडलीय. ग्राफ्टन आर्किटेक्ट्स हे डब्लिनचं ऑफिस. इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅक्नमारा यांनी १९७८ मध्ये ते उभं केलं, आणि नाव स्वतःचं न देता ग्राफ्टन स्ट्रीटचं दिलं. व्हेनिसला दर दोन वर्षांनी वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला बिनाले म्हणतात. २०१८ च्या बिनालेच्या या दोघी क्युरेटर, म्हणजे विषय ठरवून मांडणी करणाऱ्या, होत्या. विषयाचं नाव त्यांनी ठेवलं 'फ्रीस्पेस'. सलग, एकच शब्द. मी 'मुक्त अवकाश' लिहिलं, तर संपादक म्हणाले, "इस्रोची बातमी वाटतेय."

सोलापूरकर: 'मोकळी जागा' लिहा की. एवढं काय त्यात?

लेखिका: मोकळी जागा म्हटलं की तारेचं कुंपण आणि 'विकणे आहे'ची पाटी दिसते हो. 'बखळ' हा जुना शब्दही पाहिला, पण तीही पडीकच. फ्रीस्पेस रिकामी नसते. या दोघींनी बिनालेसाठी लिहिलेल्या जाहीरनाम्यात एक उदाहरण आहे. सिडनीचं ऑपेरा हाऊस करणाऱ्या योर्न उत्झननी मायोर्का बेटावर स्वतःसाठी घर बांधलं. त्याच्या दाराशी काँक्रीट आणि टाइल्सचा एक बाक आहे, पाठीच्या-मांड्यांच्या वळणाला बरोबर बसेल असा घडवलेला. त्याच्याविना घराचं काही अडलं नसतं. पण दारात आलेल्याला तो 'बसा' म्हणतो.

कोकणातून: मग ओटा म्हणा! नाहीतर पडवी, ओसरी. आमच्या मालवणात खळं.

लेखिका: ओटा मनात आला होता. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ओटा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओसरी छान आहे, पण ती कुणाच्यातरी घराची असते, मालकाने 'या' म्हटल्यावर चढायची.

आर्किटेक्ट: पेशाने आर्किटेक्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो. इंग्रजीतल्या 'फ्री'त मोकळं आणि फुकट हे दोन्ही अर्थ आहेत, आणि या बायांना दोन्ही हवे आहेत. उजेड, वारा या निसर्गाने फुकट दिलेल्या वस्तू, असं त्या म्हणतात. आणि आर्किटेक्टने क्लाएंटच्या यादीत नसलेलं काही पदरचं द्यावं, असंही म्हणतात. भाजीवाली पिशवीत वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकते ना, तसं. दूधवाल्याचं मापावरचं दूधही तेच.

त्यांच्या इमारतींत हे दिसतं. मिलानच्या बोकोनी विद्यापीठाची इमारत २००८ ची. तिच्या कोपऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून भलीमोठी काच आहे. फुटपाथवरून जाणारा माणूस विद्यापीठाचा कुणी लागत नसला तरी थेट आत, जमिनीखालच्या भागापर्यंत बघू शकतो. पेरूतल्या लिमाला पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून तिथल्या यूटेक विद्यापीठात जिने आणि सज्जे सरळ उघड्यावर ठेवलेत. लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातल्या टाउन हाउस या इमारतीला २०२१ चं स्टर्लिंग पारितोषिक, ब्रिटनमधला वास्तुकलेचा मोठा मान, मिळालं. तिथे ग्रंथालयाला लागून नाचाचे स्टुडिओ आहेत. रस्त्याच्या कडेने उंच खांबांची रांग आहे आणि दाराशी कार्ड टेकवायची फाटकं नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या गेटवर काय होतं ते आठवा: "आयकार्ड कुठाय?"

जाता जाता, त्या बिनालेत मुंबईच्या राहुल मेहरोत्रांच्या आरएमए आर्किटेक्ट्सचा विशेष उल्लेख झाला होता. लेखात घ्या.

सोलापूरकर: मग सरळ 'फुकटची जागा' म्हणा!

आर्किटेक्ट: आपल्याकडे फुकटला 'फुकट्या'चा वास येतो. घेणाऱ्याला टोमणा बसतो, देणाऱ्याचं मोठं मन दिसतच नाही.

लेखिका: 'पार' कसा वाटतो? पिंपळाखालचा. तो कुणाच्या मालकीचा नाही, बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

आर्किटेक्ट: एका इमारतीच्या वर्णनात चालेल. बिनालेचा विषय म्हणून 'पार' छापलंत तर वाचक गोंधळेल, कशाच्या पार?

नेवाशाहून: आमच्याकडे ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले तो पैसाचा खांब आहे. 'पैस' म्हणजे विस्तार, ऐसपैसमधला. 'पैस' घ्या. अवकाशासारखा तो आभाळात जात नाही, आणि जागेसारखा सातबाऱ्यावरही येत नाही.

आर्किटेक्ट: सुंदर. पण त्यात देणं कुठे आहे? पैस नुसताच असतो, कुणी दिलेला नसतो.

लेखिका: ते देणं क्रियापदात घालते. बघा: "वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झ्कर पारितोषिक २०२० मध्ये मिळवणाऱ्या या दोघी आयरिश वास्तुकारांच्या मते इमारतीने मागितल्याहून थोडा जास्तीचा पैस द्यावा, आत येणाऱ्याला आणि नुसत्या बाहेरून जाणाऱ्यालाही." पहिल्यांदा 'फ्रीस्पेस' तसाच ठेवते, पुढे सगळीकडे 'पैस'. 'मुक्त अवकाश' काढून टाकला.

कोकणातून: माझी ओसरी गेली ती गेलीच. असो, वाक्य बरं उतरलंय.

नेवाशाहून: एकच विनंती, ताई. प्रूफं स्वतः बघा. विभक्ती 'पैसाचा', 'पैसाला' अशीच लागते. मुद्रितशोधकाने सवयीने 'पैशाचा' केलं की बाजार उठला.