ओकचे जुने कोरीव कपाट: पॉलिश उतरवावे की राहू द्यावे? सल्ला हवा

मधुमालती (धागाकर्ती)
मी नुकतेच ओक लाकडाचे एक जुने कपाट विकत घेतले आहे. वर दोन दारे, खाली एक लांब खण, दारांवर द्राक्षवेलीचे हाताने केलेले कोरीवकाम आणि दोन्ही कडांना सिंहमुखे, असे त्याचे रूप आहे. सांगाडा भक्कम आहे, परंतु कुलूप आणि बिजागऱ्यांभोवती निळसर काळे डाग पडले आहेत, डाव्या दाराच्या मधल्या फळीला उभी चीर गेली आहे, मागच्या फळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत आणि कोरीवकामाच्या खोलगट भागांत चिकट थर साचला आहे. सगळे पॉलिश उतरवून नव्याने करावे का? कीड जिवंत आहे की नाही, हे कसे ओळखावे? चीर बुजवावी का? एकूण खर्च कपाटाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापलीकडे जाऊ नये आणि शक्य तितके काम घरीच व्हावे, अशी इच्छा आहे. आत वडिलांची पदके आणि जुनी नाणी ठेवायची आहेत. विक्रेत्याने कपाट तीनशे वर्षांचे असल्याचे सांगितले. ते मी ऐकून सोडून दिले आहे, त्यामुळे वयाविषयी प्रश्न नाही.

जुनंतेसोनं
पॉलिश उतरवाच. माझ्याकडे याहून मोठे कपाट आहे. ते मी नामांकित कारागिराकडून संपूर्ण घासून घेतले आणि आज पाहुणे आले की पहिली नजर त्याच्यावरच जाते. खर्च कपाटाच्या किमतीएवढा झाला, परंतु अशा वस्तूच्या बाबतीत हात आखडता घेऊन चालत नाही. चौथ्या हिश्शात फक्त बिजागऱ्या बदलून मिळतील.

रंधाधारी
वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. कोरीवकामाची धार पृष्ठभागाच्या अगदी वरच्या पातळ थरात असते. सँडपेपर फिरवला की पानांच्या शिरा आणि सिंहाच्या आयाळीच्या रेषा बोथट होतात, आणि ते नुकसान कोणत्याही पॉलिशने भरून येत नाही. आधी थर कशाचा आहे ते ओळखा. खणाच्या बाजूला, सहसा न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काही क्षण टेकवून ठेवा. थर मऊ होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला तर ते लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. ते न उतरवता जागेवरच दुरुस्त होते, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. स्पिरिटचा परिणाम झाला नाही आणि टर्पेंटाइनने मळ सुटू लागला, तर तो बहुधा मेण आणि धूळ यांचा साठलेला थर असेल. तसे असल्यास मऊ ब्रश, थोडे टर्पेंटाइन, सुती फडके आणि उघड्या खिडक्या एवढ्यावर तुमचे काम भागेल.

शंकासुर
वयाचा प्रश्न नाही असे धागाकर्तीने लिहिले असले, तरी तोच मूळ प्रश्न आहे. खण बाहेर काढून त्याच्या तळाकडे आणि मागच्या फळ्यांच्या आतल्या बाजूकडे टॉर्च आडवा धरून पाहा. कमानीसारखे वक्र ओरखडे असतील तर फळी गोल करवतीवर कापलेली आहे, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकाच्या आधीची असण्याची शक्यता फारच कमी. गोल तारेचे खिळे त्याच शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरले जाऊ लागले. खणाच्या कोपऱ्यांतले डव्हटेल जोड (कबुतराच्या शेपटीसारखे, एकमेकांत अडकणारे दाते) एकाच मापाचे आणि एकाच अंतरावर असतील तर ते यंत्राने कापलेले आहेत. गडद रंगावरही विसंबू नका. ओक अमोनियाच्या वाफेत ठेवला की नवे लाकूडही काळपट होते. शिवाय एकोणिसाव्या शतकात जुन्या साध्या ओक फर्निचरवर नंतर कोरीवकाम करून ते अधिक भारी दाखवण्याची टूमच होती. नक्षीने किडीची बोगदी आडवी छेदली असतील आणि पृष्ठभागावर उघड्या नळ्यांसारख्या चऱ्या दिसत असतील, तर कीड आधी लागली आणि पटाशी नंतर चालली, असे समजावे.

जुनंतेसोनं
शंकासुर यांच्या निकषांनी पाहिले तर जगात एकही अस्सल कपाट उरणार नाही. माझ्या कपाटाला तारेचे खिळे आहेत, म्हणून ते खोटे ठरते का?

शंकासुर
खोटे ठरत नाही. तीनशे वर्षांचे मात्र ठरत नाही. खिळे नंतरच्या दुरुस्तीतही मारले जातात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आरामखुर्ची
रंधाधारी यांनी म्हटल्याप्रमाणे आधी स्पिरिट लावून पाहावे. त्यानंतर जवसाच्या तेलाचा हात द्यावा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे आणि लाकूड ते तेल पिऊन टवटवीत होते.

रंधाधारी
लाकूड तेल पीत नाही. जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते, वर्षानुवर्षे काळवंडत जाते आणि जाड लावले तर चिकट राहून धूळ ओढून घेते. धागाकर्तीच्या कोरीवकामातला चिकट थर एखाद्या आधीच्या मालकाच्या तेलप्रेमातून आला असण्याची दाट शक्यता आहे. आणखी एक गंभीर गोष्ट. या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती सपाट पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आरामखुर्ची
आमच्याकडे कधीही आग लागलेली नाही.

भिंग
डागांविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंडी बिजागरीवर दमट हवेत गंज चढला की लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. मायफळ आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांपासून जुनी शाई करत ती याच क्रियेने, आणि मायफळ हीसुद्धा ओकच्याच कुळातल्या झाडावरची गाठ आहे. त्यामुळे हे डाग पुसून जात नाहीत. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते फिके होतात. मात्र त्यासाठी तेवढ्या जागेचे पॉलिश उतरवावे लागते, नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा पुसावे लागते, आणि ते आम्ल विषारी असल्याने हातमोजे व चष्मा अनिवार्य आहे. मूळ लोखंड तिथेच गंजत राहिले तर डाग परत येतात, म्हणून धातूचा गंज काढून त्यावर लाखेचा पातळ हात द्यावा. ओक घासायला लोखंडी तारेचा काथ्या तर कधीच वापरू नये. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या रंध्रांत अडकतात आणि ओल लागताच काळे ठिपके उमटतात. माझ्या मेजाच्या बाबतीत एका दुरुस्तीवाल्याने नेमके हेच केले आणि ‘लाकूडच तसे आहे’ असे ऐकवून बिल हातात ठेवले.

तक्रारवही
दुरुस्तीवाल्यांचे नाव काढू नका. माझ्या दाराच्या फळीला चीर पडली होती. एकाने ती सिंथेटिक गोंदाने बुजवून फळीच्या चारही कडा चौकटीत पक्क्या चिकटवून दिल्या. कोरड्या हवेचा मोसम आला आणि जुन्या चिरेच्या शेजारीच नवी चीर पडली. त्यापेक्षा हे विकून लोखंडी कपाट घ्या. ना कीड, ना चीर, ना चर्चा.

रंधाधारी
लोखंडी कपाटाचा सल्ला सोडला, तर तक्रारवही यांचा अनुभव मोलाचा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु रुंदीत हवेतल्या दमटपणानुसार सतत आकसते आणि फुगते. म्हणूनच जुने सुतार दाराची फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडत. नंतरच्या रंगाने किंवा गोंदाने ती कुठेतरी अडकली की ताण निघायला जागा उरत नाही आणि फळी तडकते. तुमची फळी खाचेत किंचित हलते का, ते आधी पाहा. हलत असेल तर चीर वाढण्याची भीती कमी आहे. बुजवायचीच असेल तर ओकची पातळ पट्टी सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने, बसवावी; सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होत नाही.

निवांत
किडीसाठी सोपा उपाय आहे. भोकांखाली काळा कागद पसरून ठेवा आणि कपाट हलवू नका. कागदावर फिकट ताजा भुसा पडत राहिला तर कीड जिवंत आहे. एक ते दोन मिलिमीटरची गोल भोके बहुधा फर्निचर पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची असतात आणि तो मुख्यतः बाहेरच्या, फिकट, कच्च्या लाकडावर जगतो. ओकचा गाभा त्याला सहसा मानवत नाही. भोक म्हणजे भुंगेरा बाहेर पडल्याची खूण, त्यामुळे जुनी, काळवंडलेली भोके पाहून औषधाचे डबे आणू नयेत.

भिंग
एक राहिलेच. पदकांत किंवा नाण्यांत शिसे असेल तर ती या कपाटात ठेवू नका. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ सूक्ष्म प्रमाणात निघत राहते आणि बंद कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते. संग्रहालये अशा वस्तूंसाठी ओकची कपाटे टाळतात, ती याच कारणाने.

जुनंतेसोनं
माझ्या कपाटात चांदीची भांडी आहेत आणि ती उत्तम आहेत.

भिंग
मी शिशाविषयी लिहिले होते.

मधुमालती
सर्वांचे मनापासून आभार. काळ्या कागदावर आजवर भुसा पडलेला नाही. डाव्या दाराची फळी खाचेत हलते. खणाच्या तळाला वक्र ओरखडे आहेत, तेव्हा शंकासुर यांचे समाधान व्हावे. स्पिरिटने बोळा तपकिरी झाला, म्हणजे पॉलिश लाखेचे आहे. हे सगळे पाहून मी डाग, चीर आणि चिकट थर यांपैकी कशालाही हात लावायचे नाही, असे ठरवले आहे. कपाट उन्हाच्या खिडकीपासून दूर सरकवले आहे आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडणार आहे. मेणही लावणार नाही. पदके कांस्य आणि चांदीची आहेत, ती वरच्या फळीवर ठेवीन. एक शिशाची मुद्रा होती, ती बाहेर राहील. ठरवलेल्या रकमेतून मी पदकांसाठी काचेचे झाकण करून घेत आहे.

जुनंतेसोनं
एवढी चर्चा करून काहीच करायचे नव्हते, तर धागा कशाला काढला?

रंधाधारी
काही न करण्याचा निर्णयही माहितीवरच घ्यावा लागतो. परंतु चिकट थर तसाच ठेवणे मला पटलेले नाही. त्यावर धूळ बसत राहील आणि ती ब्रशने निघणार नाही. निदान एका सिंहमुखावर टर्पेंटाइनचा प्रयोग करून पाहावा, ही विनंती.