आमिना की अमीना?

आमिना आणि अमीना ही एकाच नावाची दोन रूपं, असं बरेच जण धरून चालतात. जुन्या नाशकात एकाच मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर आमिना, रेशनकार्डावर अमीना आणि लग्नपत्रिकेत अमिना असं सहज सापडेल. पण ही नावं दोन आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत.

दोन्ही अरबी, दोन्हींचा धातू एकच. निर्धास्तपणा आणि विश्वास हा त्याचा गाभा. आमिना म्हणजे जिला कसलं भय नाही अशी, सुरक्षित. पैगंबर मुहंमद यांच्या आईचं नाव आमिना बिन्त वहब. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ती माउली गेली. हे नाव घराघरांत इतक्या मायेने ठेवलं जातं ते तिच्यामुळे. अमीना मात्र अमीनचं स्त्रीरूप: जिच्या हाती ठेव सोपवावी अशी, विश्वासू. प्रेषितत्व मिळण्याआधीच मक्केतले लोक पैगंबरांना ‘अल-अमीन’ म्हणत, तो हाच शब्द.

उर्दूत घोळ होत नाही. आमिना लिहिताना पहिल्या अलिफवर (अ) मद्द येते, म्हणजे डोक्यावर छोटी आडवी लाट, आणि मीमला (म) लागून थेट नून (न). अमीना लिहिताना अलिफ मोकळा, आणि मीम व नूनच्या मध्ये ये हे अक्षर (ई). घोळ होतो तो इंग्रजीत, कारण तिथे दोन्ही नावांची अक्षरं बहुधा तीच असतात. मग इंग्रजी कागद बघून मराठी नोंद करणारा अंदाजाने काना किंवा वेलांटी देऊन मोकळा होतो. मुलाच्या नावातही हेच घडतं. नाव अमीन, ‘आमीन’ हा प्रार्थनेनंतर म्हणायचा शब्द, ‘तथास्तु’च्या जवळचा. नाशिकच्या वडाळा नाक्यावर ऐकू येणारा आमीन आणि शरणपूरच्या चर्चमधला आमेन यांचं सेमिटिक (अरबी, हिब्रू ज्या भाषाकुळातल्या) मूळ एकच.

या धातूची मराठीशी जवळीक मात्र फार जुनी. इमान, इमानदार, बेइमान, इमानेइतबारे हे शब्द आपण परके समजतच नाही. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत ते निष्ठेकडे, खाल्ल्या मिठाला जागण्याकडे वळलं. मला सगळ्यांत आवडतो तो ‘अनामत’. मूळ शब्द अमानत, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. मराठी जिभेवर म आणि न यांची अदलाबदल झाली, नुकसानचं नुसकान होतं तशी. खोली भाड्याने घेताना द्यायची अनामत किंवा निवडणुकीत जप्त होणारी अनामत, दोन्ही अमीनाच्या सख्ख्या नात्यातल्या. मोगल काळात जमीन पाहून सारा ठरवणारा अधिकारीही अमीनच.

इतिहासात या धातूचं एक दुःखद पानही आहे. खलिफा हारून अल-रशीदच्या दोन मुलांच्या पदव्या अल-अमीन आणि अल-मामून, दोन्ही याच धातूच्या. गादीवरून भावाभावांत युद्ध पेटलं आणि ८१३ मध्ये अमीन मारला गेला.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मालेगावचे मोमीनही याच कुळातले. मूळ मुमिन म्हणजे ईमान ठेवणारा. इकडे ती विणकरांची ओळख आणि आडनाव झालं. अरबीतला ऱ्हस्व ‘मि’ मराठीत दीर्घ झाला, कारण अकारान्त शब्दातलं उपान्त्य अक्षर आपण दीर्घ लिहितो. तो मराठीचा रीतसर नियम आहे, त्याला चूक म्हणू नये.

नावाचं तसं नाही. आमिनाची अमीना केली की अर्थ बदलतो, आणि ज्या माउलीच्या आठवणीने नाव ठेवलं तिचा धागाच तुटतो. मुलीच्या जन्मदाखल्यावर नाव चढवताना घरातल्या नानी-दादीकडून ते आधी उर्दूत लिहून घ्यावं. मद्द दिसली तर काना द्या आणि ‘मि’ ऱ्हस्व. मध्ये ये दिसला तर काना नको, ‘मी’ दीर्घ. ‘अमिना’ हे तिसरं रूप यांतल्या कुठल्याच नावाचं नाही.