कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निबंधांतील भविष्य

प्रश्न (डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना)

सप्रेम नमस्कार. मी येथील एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि माझ्या वर्गात बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आहेत. फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, त्यांनी 'मी आणि माझी माणसे' या विषयावर निबंध लिहिले. गुलामगिरीचा उल्लेख मोजक्यांनीच केला. आजी, चर्चमधील गायन, केसांच्या वेण्या आणि शिकून याच गावात परतण्याची इच्छा यांविषयी मात्र सर्वांनी भरभरून लिहिले. एका मुलीने लिहिले आहे की, आजीच्या पायाशी बसून वेण्या घालून घेताना ती आपल्या घराण्याची हकिगत ऐकत आली, आणि तिला वकील व्हायचे आहे ते आजीचे घर कोणी हिरावून घेऊ नये म्हणून. या पिढीची स्वप्ने घराशी आणि गल्लीशी इतकी बांधलेली का असावीत?

उत्तर (डरहॅम)

आपण ज्या गावात शिकवता, त्या गावाच्या इतिहासातच याचे कारण आहे. जॉन मेरिक हे गुलामगिरीत जन्मले, पुढे न्हाव्याचा व्यवसाय करून नावारूपाला आले आणि 1898 मध्ये त्यांनी इतरांच्या साथीने नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही विमा कंपनी उभी केली. पुढे डरहॅमच्या पॅरिश स्ट्रीट या रस्त्यावर कृष्णवर्णीयांची बँकही आली. जवळच्या हेटाय वस्तीत त्यांची दुकाने, दवाखाने, चर्च असे सारे होते. 1960 च्या दशकापासून शहराच्या 'नूतनीकरणात' आणि महामार्गासाठी तेथील शेकडो घरे व दुकाने पाडली गेली. सेंट जोसेफ चर्चची जुनी इमारत वाचली आणि आज तेथे सांस्कृतिक केंद्र चालते. ज्यांच्या आजीने आपली गल्ली डोळ्यांदेखत जाताना पाहिली, त्या मुलांना घर राखणे हेच मोठे ध्येय वाटावे, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते.

उत्तर (रॉली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ही मुले केवळ गमावलेले राखू पाहत आहेत, असे समजू नये. 1 फेब्रुवारी 1960 रोजी याच राज्यातील ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर निषेध म्हणून जाऊन बसलेले चौघे कृष्णवर्णीय तरुण महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे. त्याच एप्रिलमध्ये रॉलीच्या शॉ विद्यापीठात नागरी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्या एला बेकर यांनी अशा तरुणांना एकत्र बोलावले आणि त्यांनी वडीलधाऱ्या नेत्यांच्या छत्राखाली न जाता आपली स्वतंत्र संघटना उभारावी, असा आग्रह धरला. वेण्यांविषयी लिहिण्यातही असाच स्वाभिमान आहे, कारण नैसर्गिक केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो थेट 2019 मध्ये.

उत्तर (नागपूर)

ताई, जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. हे दोन्ही आपल्या वर्गात अवश्य सांगावे; परंतु जात आणि वंश यांची सरसकट बरोबरी करू नये, कारण तसे केल्यास त्या मुलीच्या आजीची हकिगत बाजूला पडून आपणच आपल्याविषयी बोलत बसू. शक्य असेल तर त्या आजींनाच एके दिवशी वर्गात बोलवावे आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्यावेत.