मदत हवी आहे: अण्णांना अमिओडॅरोन चालू आहे, मोसंबी चालते का?

मोसंबीवाला

नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो, घर अंबड तालुक्यात. वडिलांना (अण्णा, वय ६८) फेब्रुवारीत छातीत फडफड व्हायला लागली, दम लागला, म्हणून संभाजीनगरला खाजगी दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं, निघालं. चार दिवसांनी सुट्टी झाली. तेव्हापासून ठोक्यांची लय सांभाळायची अमिओडॅरोन २०० आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे.

आता प्रश्न. व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकलं की या गोळीवर लिंबू-संत्र्याच्या जातीची फळं बंद. आमची स्वतःची तीन एकर मोसंबी. मार्चमध्ये चुलत्यांच्या बागेची तोडणी झाली, पाटीभर मोसंबी घरी आली, पण अण्णांनी एक फोड तोंडात घातली नाही. "खायचीच नाही तर टँकरनं पाणी कशाला घालायचं" असं म्हणायलेत. खरंच बंद करायची का?

दुसरं ऊन. हात आणि मान भाजल्यासारखी लाल झालीय. चाळीस वर्षं उन्हात काढली, असं कधी झालं नव्हतं. टँकर दुपारी दोनला आला तर दोनलाच उभं राहावं लागतं, त्याला इलाज नाही.

बाकी तब्येत बरी आहे. गोळ्या चुकत नाहीत, आई स्वतः दिवसातून तीनदा हातावर ठेवते. मिश्री लावताना हिरडीतून थोडं रक्त येतं म्हणे, पण ते मिश्रीमुळंच असेल. गुडघ्यासाठी गावातली एक गोळी कधीमधी.

नांदेडची काकू

मलाही हीच गोळी दोन वर्षं होती. उन्हाचं खरं आहे, तिच्यानं कातडी नाजूक होते. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि मान-कान झाकेल असा मोठा रुमाल, नुसती टोपी पुरत नाही. गाडीत काचेआड बसूनही माझा एकच हात काळवंडला होता. मलम घ्यायचं तर झिंक ऑक्साइडचं घ्या. आणि गोळी बंद केली तरी लगेच उघडं फिरू नका म्हणावं, मला पुढं कित्येक महिने जपावं लागलं.

पाटोद्याचा पाव्हणा

अर्जुनसालीचा काढा चालू करा, सगळ्या गोळ्या सुटतील. आमच्या मामांच्या सुटल्या.

गोळीवाला लातूरकर

काढा नको आणि मोसंबीही थोडा वेळ बाजूला ठेवा. मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. मोसंबीवालेभाऊ, तुमच्या शेवटच्या तीन ओळींनी मला घाम फुटला.

एक, तीनदा म्हणजे अमिओडॅरोन तीनदा का? डिस्चार्ज कार्ड बघून सांगा. दोन, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, शेवटची कधी केली? तीन, गुडघ्याच्या गोळीचं नाव काय?

मोसंबीवाला

बहिणीकडून कार्डाचा फोटो मागवला. त्यावर अमिओडॅरोन १-१-१ (सकाळ-दुपार-रात्र एकेक) सात दिवस, मग १-०-१ सात दिवस, मग १-०-० चालू, असं आहे. सगळं इंग्रजीत. आईनं पहिली ओळ कंपाउंडरकडून समजून घेतली आणि तीच धरली. स्ट्रिप संपली की गावातलं मेडिकल रिकामी स्ट्रिप बघून तसलीच देतं. ११ आठवडे झाले. आयएनआर सुट्टीनंतर आठवड्यानं एकदाच केली, २.४ होती, म्हणून पुन्हा केली नाही. गुडघ्याची डायक्लोफेनॅक आहे.

गोळीवाला लातूरकर

मग आजच, आत्ता, ज्यांनी गोळी सुरू केली त्या डॉक्टरांना फोन करा आणि आजच आयएनआर काढा. उद्यावर ढकलू नका.

कारण सांगतो. अमिओडॅरोन सुरुवातीला जास्त देतात, कारण ती अंगात भरायलाच वेळ लागतो. मग एकीवर आणतात. तुमच्याकडे तो 'मग' आलाच नाही. ही गोळी यकृतात वॉरफरिनचा निचरा अडवते, म्हणून दोन्ही बरोबर असल्या की वॉरफरिन बहुतेकांची तिसरा हिस्सा ते निम्म्यानं कमी करावी लागते. हा परिणाम एका आठवड्यात दिसत नाही, कित्येक आठवडे चढत जातो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या २.४ वर भरवसा ठेवता येत नाही. त्यात डायक्लोफेनॅकनं पोटातून रक्त जायची भीती वेगळीच. हिरडीतलं रक्त मी मिश्रीवर ढकलणार नाही.

काळी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, डोक्याला मार किंवा एकाएकी जोराची डोकेदुखी, यातलं काही असेल तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. नाडी किती आहे तेही बघा, ही गोळी ठोके मंद करते. चक्कर येत असेल किंवा नाडी ५० च्या खाली असेल तर तेही आजच सांगा.

आणि घाबरून आपल्या मनानं दोन्ही गोळ्या बंद करू नका. वॉरफरिन सुटली की गुठळीची, म्हणजे लकव्याची भीती. कमी किती करायची ते डॉक्टरच ठरवतील.

एमडी मेडिसिन, बीड

लातूरकरांशी सहमत. एक भर: २०० च्या एका गोळीत साधारण ७५ मिग्रॅ आयोडीन असतं, त्यामुळं थायरॉईड दोन्ही बाजूंनी बिघडू शकतं. थायरॉईड आणि यकृताच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी हव्यात. तुमच्याकडे डोस जास्त गेलाय, त्या आत्ताच करून घ्या. कोरडा खोकला किंवा नवा दम लागला तर "सोयाबीनची धूळ" म्हणून सोडू नका, ही गोळी फुप्फुसाला त्रास देते. आणि गावात ताप-खोकल्याला अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन सर्रास देतात. अमिओडॅरोनबरोबर ती ठोक्यांची लय बिघडवू शकतात. कुठंही गेलात तरी कार्ड आधी दाखवा.

मोसंबीवाला

रात्रीचे साडेदहा. भावजीनं अण्णांना जालन्याला नेलं. आयएनआर ६.१, म्हणजे रक्त फारच पातळ झालेलं. नाडी ५४. डॉक्टरांशी फोनवर बोललो, ते आधी गप्पच झाले. वॉरफरिन दोन दिवस बंद, अमिओडॅरोन दिवसाला एक, डायक्लोफेनॅक कायमची बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही त्यांना विचारून. परवा पुन्हा आयएनआर. अंगातली अमिओडॅरोन उतरायला आठवडे-महिने लागतात, म्हणून पुढंही आठवड्याला तपासणी. आई रडायली होती, "मीच घातल्या ना गोळ्या." तिला काय सांगू? बहिणीनं आता डब्याला कागद चिकटवलाय, सकाळच्या गोळीपुढं सूर्य काढलाय.

लातूरकर, तुमचे पाय कुठं आहेत?

गोळीवाला लातूरकर

पाय राहू द्या. आईंना सांगा, चूक त्यांची नाही, कार्ड मराठीत नव्हतं ही आहे.

आता मोसंबी. बंद आहे ते ग्रेपफ्रूट आणि त्याच्या घरातलं पपनस, ते गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. जालन्याची मोसंबी म्हणजे गोड संत्रं, ती त्या यादीत नाही. खाऊ द्या बेताची, डॉक्टरांच्या कानावर घाला. मेथी-पालक मात्र एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका, वॉरफरिनचं गणित हलतं.

मोसंबीवाला

अण्णांना सांगितलं. म्हणाले, "आता कशाला सांगायलास? झाडाला लिंबाएवढी फळं हायेत, खायला दिवाळी उजाडंल." मग विचारलं, टँकर उद्या किती वाजता येणार. सकाळी सातचा मिळतो का बघतोय.