भावासाठी सायकल सुरू करावी का? (झोप, साखर, उदासपणा) सल्ला हवा

घाटंजीची_लेक:
नमस्कार. माझा मोठा भाऊ घाटंजी तालुक्यात शेती करतो, वय ४६. कापूस विकून झाला की त्याचं बिनसतं. रात्री दोनला उठून ओट्यावर बसतो, वहिनीशी बोलणं तुटक, ताटातलं अर्धं तसंच. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले गोळी नको, रोज चाला. तो म्हणतो, "दिवसभर वावरातच तर चालतो." तरुणपणी सायकल म्हणजे त्याचा जीव की प्राण. बाबांची ॲटलस गोठ्यात उभी आहे. तीच दुरुस्त करू की गिअरची नवी घेऊ? उजवा गुडघा अधूनमधून दुखतो.

वावरवाला_वर्धा:
ताई, नवीनच्या मांगं लागू नका. सपाट रोडावर गिअर काय कामाचे? घाट-चढाव असन तं गोष्ट वेगळी. ॲटलसले टायर-ट्यूब टाका, ब्रेकचे गुटके बदला, चेनले तेल द्या. ट्यूब दोन घ्या, धुऱ्यावर बाभळीचे काटे असतेच. आन् भावाले "व्यायाम कर" म्हनू नका, तो उठनार नाही. डेअरीवर दूध न्यायचं काम त्याच्याकडं द्या. आमच्या घरी असंच सुरू झालं. आता दूध नसलं तरी मी सकाळी निंगतो.

उपकेंद्रातली_ताई:
मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ६.२ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि इथून मागे फिरता येतं. "वावरात चालतो" हे मी रोज ऐकते. त्यांचे कष्ट खरेच आहेत. पण निंदण-फवारणीत माणूस वाकतो, थांबतो, पुन्हा वाकतो. कंबर मोडते, तरी दम सलग अर्धा तास वाढलेला राहतो असं नाही. सायकलवर मांड्यांचे मोठे स्नायू सतत चालतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. तो परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. वेग इतकाच की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गुडघ्याची भीती नको, शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

झोपेचंही ऐका. सकाळच्या उजेडात अंग हललं की शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते. त्यासाठी काही आठवडे द्या, दोन दिवसांत निकाल मागू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रात्री उठून बसणं, जेवण सुटणं, बोलणं तुटणं हे एकत्र दिसतंय, तर फक्त सायकलवर सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा. आणि "जगण्यात काय राहिलं" असं काही बोलले, तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

संत्रापट्टा_मोर्शी:
ताईंचं शेवटचं आधी करा. सायकलनं कर्ज फिटत नाही आणि बोंडअळीही जात नाही. पण वावरात गेलं की प्रत्येक तास तोच हिशोब पुढ्यात मांडतो. रस्त्यावर नजर समोर ठेवावीच लागते: खड्डा, बकऱ्या, मागून येणारा ट्रॅक्टर. तेवढा वेळ डोकं त्या हिशोबातून सुटतं. जिनिंगच्या रस्त्याला बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असतात, गाडीतून कधी दिसलेच नव्हते मला. शक्य असेल तर सोबतीला कुणी द्या. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी शेजारी पायडल मारताना माणूस बोलून जातो.

घाटंजीची_लेक:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला फोन केला, सोमवारी दोघं यवतमाळला दाखवायला जातील. डेअरीचं कामही वहिनीच सांगणार. दोनच शंका: सीट किती उंच ठेवायची, आणि मे महिन्यात काय?

वावरवाला_वर्धा:
सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असतानी पाय सरळ झाला पायजे. मंग चवड्यानं चालवलं की गुडघा जरासा वाकलेला राहते. सीट खाली असली की गुडघ्याच्या समोरून दुखते, तुमच्या भावाचं तसंच असन तं पाना लावून आधी तेच पाहा. मे महिन्यात साडेपाचले निघाचं, सातच्या आत घरी. पान्याची बाटली संगं. अंधार असन तं मांगच्या मडगार्डले लाल रिफ्लेक्टर लावा, रेतीच्या गाड्या त्याच वेळेले असते.

घाटंजीची_लेक:
पोचलं. भाच्याला आत्ताच सांगितलं, उद्या ॲटलस मिस्त्रीकडे नेतो म्हणाला. संध्याकाळी चक्कर मारताना बाबांना सोबत नेईन असंही तो आपणहून म्हणाला.