भिंतीआडची ३३ वर्षं
'ला त्रिंचेरा इन्फिनिता' (२०१९) हा स्पॅनिश सिनेमा फार संथ आहे, असं कुणीतरी म्हटलंय. मला तो संथपणाच भिडला. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या माणसांपासून जीव वाचवायला नायक इहिनियो घरातच लपतो, तो १९६९ च्या सरकारी माफीनंतरच बाहेर येतो. स्पेनमध्ये असे लोक खरोखर होते. बिळात राहणारे म्हणून त्यांना 'तोपो' (जमिनीत बीळ करून राहणारा 'मोल' हा प्राणी) म्हणत.

त्याची बायको रोसा शिवणकाम करते, गिऱ्हाइकांशी बोलते, आणि तो भिंतीच्या फटीतून नुसता बघतो. पुढे पोटचा मुलगाही भाचा म्हणून वाढवावा लागतो! त्याच्याइतकीच तीही कैदेत आहे, फक्त तिला दार उघडावं लागतं. रोसा साकारणाऱ्या बेलेन कुएस्ताला यासाठी गोया हा स्पेनचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच. कृपा करून हा सिनेमा अर्ध्यावर सोडू नका.